एरॉलच्या खुर्चीला चालणारी वाट

रविवार, १० नोव्हेंबर

एरॉल हो म्हणाला! दोन वर्षं मागे लागून माझा घसा बसला, आईने चर्चमध्ये मेणबत्त्या लावून लावून मेणबत्तीवाल्याचं घर चालवलं, फिजिओथेरपीची मुलगी तर रुसून काम सोडून गेली. आणि आज जेवताना, बांगड्याचे काटे काढता काढता, हा माझा धाकटा भाऊ आपणहून म्हणतो, "बाय, जाऊ या कुठेतरी. उघड्यावर. पण भोपळ्या बरोबर पाहिजे."

भोपळ्या त्याचा कुत्रा. अपघाताआधी काटक होता, एरॉलच्या पुढेपुढे तुंगारेश्वर चढायचा. मग धनी बसला तसा तोही बसला आणि खाऊन खाऊन नावाला जागला. त्याला कशाला न्यायचं, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी गिळलं. हो म्हणालाय तर कुत्राच काय, वाडीतली बकरीही नेईन.

मोटरसायकल घसरल्यापासून माझ्या भावाच्या कमरेखाली जीव उरलेला नाही. घरून कॉम्प्युटरवर एका कंपनीचे हिशेब बघतो, कमावतो, जेवतो. फक्त उंबरा ओलांडत नाही. दर रविवारी माणसांची माळ मागे घेऊन डोंगरात जाणारा हा. हल्ली खिडकीचा पडदाही अर्धाच उघडतो. हा बाहेर पडला नाही तर ती खोली त्याला खाऊन टाकेल, याची मला भीती वाटते, आणि भीती वाटली की मी कामाला लागते. इतकी वर्षं पोरांना भूगोल शिकवतेय. एक वाट सापडणार नाही होय?

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सापडत नाही.

विरारच्या एका बागेत गेले. दाराशी मोटरसायकली शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब इतके जवळ रोवलेत की मलाच श्वास आत ओढून शिरावं लागलं. एका तलावाकाठी फरशी सुरेख, पण पाटी लावलेली: कुत्र्यांना मनाई. किल्ल्यातली वाट सपाट आहे, पण तिथल्या कुत्र्यांचं राज्य आणि आमचं ध्यान भांडकुदळ. जिथे खुर्ची जाते तिथे कुत्रा नको, जिथे कुत्रा चालतो तिथे खुर्ची जात नाही. आणि डोंगराचं तर नावच काढायला नको.

एरॉल म्हणाला, "चर्चच्या मागच्या रस्त्याने तळ्यापर्यंत गेलो तरी चालेल की. डांबरी आहे."

मी म्हटलं, "ती काय वाट आहे? पाय मोकळे करायचे तर जरा लांब जाऊ."

पाय मोकळे करायचे, असं म्हणून गेले. पण खरंच, गावातल्या रस्त्यावर येताजाता माणसं भेटणार, प्रत्येकाला चौकशी करायची असणार. 'कसा आहेस रे? काही फरक?' त्याला कशाला तो त्रास?

स्टाफरूममध्ये मात्र या शोधाचं कौतुक झालं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना आणि पाळलेल्या कुत्र्यांना जाता येईल अशा वाटा शोधतेय म्हटल्यावर आमच्या पर्यवेक्षिका स्वप्ना केळुसकर मॅडम म्हणाल्या, "ज्युली मॅडम, किती वेगळा विचार! याला नाव द्या." मी तिथल्या तिथे दिलं, 'सुगम वाटा'. कुणासाठी शोधताय असं कुणी विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही. घरातलं शाळेत कशाला न्यायचं?

रविवार, १७ नोव्हेंबर

एरॉलची अट: आधी वाट तपासून यायची. "मध्येच रुतलो आणि चार माणसांनी उचलून आणलं, तर मी परत बाहेर पडणार नाही, बाय. आधीच सांगतो."

रिकामी खुर्ची ढकलून काही कळत नाही. म्हणून त्याच्या खुर्चीत तांदळाचं पोतं बसवलं, वर कांद्यांचं गाठोडं ठेवलं, आणि वजन एरॉलएवढं झाल्यावर सुंभाने बांधून टाकलं. एरॉलने पोत्याला फर्डिनंड अंकल नाव दिलं. आमचे खरे फर्डिनंड अंकल लग्नात एकदा खुर्चीत बसले की जेवणं उरकेपर्यंत असेच हलत नाहीत.

चाकांचा अंदाज यावा म्हणून आधी आगाशीच्या बाजारातून गेले. दहाची वेळ, भाजीवाल्या, बसची रांग, सगळं गच्च. एक म्हणाला, "मॅडम, पेशंटला काय झालंय?" मी म्हटलं, "अपचन. भात फार झाला." रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, तिने फोटो काढला. मी पोत्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले.

घरी येऊन सांगितलं तर एरॉल पोट धरून हसला. आई म्हणाली, "लोक काय म्हणतील गो?" मी म्हटलं, लोकांना म्हणू दे. मला कसली लाज वाटत नाही, हा माझा लहानपणापासूनचा गुण आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

वाट मिळाली. राजोडीला, किनाऱ्याच्या वरच्या अंगाला सुरूच्या झाडांतून जाते. सुरूच्या सुयांचा थर पडून वाळू दाबली गेलीय, खुर्ची चालते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सावली. कुत्र्याला कुणी हटकत नाही. फर्डिनंड अंकल टोकापर्यंत जाऊन आले आणि एक कांदासुद्धा सांडला नाही. भोपळ्याने निम्म्यात बसकण मारली, त्याला ओढावं लागलं.

दुपारी तिथे मजा करायला आलेल्यांची गर्दी होते, गाड्या, फोटो, उसाचा रस. आम्ही सकाळी जाऊ. अगदी सकाळी.

रविवार, १ डिसेंबर

अंधारातच निघालो. आई उठून बसली होती. "इतक्या लवकर?"

"ऊन व्हायच्या आत परत यायला बरं."

"डिसेंबरात कसलं गो ऊन?"

आईला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं. मागच्या दाराने, केळीतून गेलो. पुढच्या दाराला पायरी आहे. फळ्या टाकता आल्या असत्या, पण त्यांचा केवढा आवाज होतो, आणि समोरच्या घरातल्या टिफनीचा ओटा पहाटेपासून जागा असतो. आमची ओम्नी गाडी वाडीच्या टोकाला लावली होती. एरॉल हातांवर भार देऊन स्वतःच सीटवर सरकला, मी खुर्ची मागे टाकली, भोपळ्याला वर ढकलला.

वाट पोत्याला चालली, पण माणसाला चालली नाही. पोतं मागे टेकून बसतं. माणसाला पाय असतात, ते पुढे पट्टीवर ठेवलेले, त्यांचा भार पुढच्या लहान चाकांवर येतो. शंभर पावलं गेलो नसू तोच चाकं वाळूत गेली. मी ढकलते तशी जास्तच रुतायला लागली. मला रडू यायचं बाकी होतं. मनात त्याचंच वाक्य: मी परत बाहेर पडणार नाही.

एरॉल म्हणाला, "फिरव. उलटी ओढ."

खुर्ची फिरवली, मागच्या मोठ्या चाकांवर ओढत नेली. तो पाठमोरा, मी घामाघूम, भोपळ्या भुंकत बाजूने. आणि एरॉल हसायला लागला. "बाय, मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रेक उलटा करतोय. कुठून आलो ते दिसतंय, कुठे जातोय ते नाही." पुढे सुयांचा थर जाड झाल्यावर खुर्ची सरळ चालली. मग तो बराच वेळ समुद्राकडे बघत बसला. भोपळ्याने त्याच्या निर्जीव पावलांवर डोकं ठेवलं. उजाडत होतं. कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

परत येताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी?"

मी इतकी खूश आहे की आज पाठदुखीचं काही लिहीत नाही.

रविवार, ८ डिसेंबर

परत गेलो. चाकांखाली घालायला चटईचे तुकडे नेले, रुतलो नाही. भोपळ्या न बसता चालला.

एरॉल म्हणाला, "एकदा संध्याकाळी येऊ या. लोक असतात. रस पिऊ."

मी म्हटलं, बघू. वाळू संध्याकाळी सुटी होते. होत असणार, सगळे तुडवतात ना! आणि गर्दीत कुत्रा बिथरला तर? मी सगळा विचार करून ठरवते, पण त्याला वाटतं मी टाळते.

रविवार, १५ डिसेंबर

आज काही लिहायचं नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

लिहायला हवं.

रविवारी परत निघताना ओम्नी चालू होईना. एरॉल म्हणाला, जाऊ दे, थंड होऊ दे, आपण अजून एक फेरी मारू. दिवस वर आला, माणसं यायला लागली. मी त्याला म्हटलं, झाडांच्या मागे बसू या, वारा लागतोय. वारा नव्हता.

तेवढ्यात "अय्या, ज्युली मॅडम!" स्वप्ना मॅडम. बरोबर त्यांचे मिस्टर, दोघेही पांढऱ्या बुटांत. मी एकदम पुढे गेले, त्यांच्या आणि खुर्चीच्या मध्ये उभी राहिले. आधी भोपळ्याचं कौतुक झालं. मग मॅडमनी माझ्या खांद्यावरून बघितलं आणि आवाज खाली आणून, शाळेत आजारी मुलाबद्दल बोलतात तसा, विचारलं, "हे तुमच्या उपक्रमातले का?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. 'हा माझा भाऊ' म्हणायला याहून काय जास्त वेळ लागला असता? पण तोंडातून 'हो' निघालं. आणि निघाल्याक्षणी मला काय वाटलं तेही लिहिते, म्हणजे नंतर मला नाकारता येणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

एरॉलने ऐकलं. त्याचे पाय गेलेत, कान नाही. मॅडम त्याच्याजवळ गेल्या, वाकल्या, "नमस्कार, कसं वाटतंय इथे येऊन?"

"फार छान," एरॉल म्हणाला. अगदी पुस्तकातलं मराठी. "मॅडमचे फार उपकार आहेत आमच्यावर. नाहीतर आम्हाला कोण आणणार?"

स्वप्ना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात दाबला.

ओम्नी शेवटी चालू झाली. घरी येईपर्यंत मी दोनदा 'अरे ते असं झालं की' असं म्हटलं, आणि दोन्ही वेळा पुढचं काय ते मला माहीत नव्हतं.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळ. एरॉल चर्चमध्ये मिस्सेला आला नाही. मागच्या रविवारीही कुठेच आला नाही. बरं वाटत नाही म्हणतो. पडदा पूर्ण बंद.

दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मी त्याला इंद्याल वाढायला गेले. तो ताट पुढे करून म्हणाला, "थोडंसंच द्या, मॅडम."

आईला वाटलं गंमत करतोय. ती हसली, "बहिणीला मॅडम म्हणतो, बघ!" मग तिने दिवसभर मला मॅडम म्हटलं. मॅडम, पाणी दे. मॅडम, दार लाव. मी हसत होते. मला भिंतीत गाडून घ्यावंसं वाटत होतं.

सोमवार, ६ जानेवारी

स्वप्ना मॅडमनी मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलंय. प्रजासत्ताक दिनाला शाळेत 'सुगम वाटा'बद्दल माझा सत्कार. शाल, श्रीफळ, दोन शब्द. "आणि ते कुत्र्याचे गृहस्थ होते ना, त्यांनाही बोलवा. त्यांच्याच हस्ते शाल देऊ. मुलांना प्रेरणा मिळेल."

मी म्हटलं, त्यांना जमेल का बघते. त्यांना! परत केलं. दुसऱ्यांदा करताना पहिल्यापेक्षा सोपं गेलं, हे जास्त भयंकर आहे.

एरॉल अजून बाहेर पडत नाही. भोपळ्या दर रविवारी पहाटे पट्टा तोंडात धरून त्याच्या पलंगाशी जातो आणि थोडा वेळ थांबून परत येतो.

शुक्रवार, १० जानेवारी

मार्ग सुचला. आणि तो इतका चांगला आहे की मला आधी का सुचला नाही याचंच नवल वाटतंय. सत्कार घ्यायचा. एरॉलला स्टेजवर न्यायचं. आणि माइक हातात आल्यावर अख्ख्या शाळेसमोर सांगायचं: हा कुणी परका नाही, हा माझा सख्खा भाऊ आहे, आणि मी त्या दिवशी त्याला भाऊ म्हणायला लाजले. सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची. लाज चारचौघांत वाटली, तर ती चारचौघांतच फेडली पाहिजे.

भाषण लिहिलं. मोठ्याने दोनदा वाचून पाहिलं. मुलं हे कधी विसरणार नाहीत. उद्या एरॉलला वाचून दाखवते.

शनिवार, ११ जानेवारी

वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. भोपळ्याच्या कानामागे खाजवत होता, तो हात थांबला नाही.

मग म्हणाला, "म्हणजे परत मीच खुर्चीत, आणि परत टाळ्या तुला."

"अरे, मी माफी मागतेय!"

"माग ना. इथे कोण अडवतंय? त्यासाठी स्टेज कशाला? तुझी लाज तू धू, बाय. माझ्या खुर्चीवर वाळत घालू नकोस."

मला राग आला. इतकं मनापासून लिहिलेलं! मी म्हटलं, तुझ्यासाठी मी काय काय केलं, पाठ मोडली, अंधारात उठले.

"तेच," तो म्हणाला. "अंधारात. मला पहिल्यांदा वाटलं, माझ्यासाठी करतेयस. मला लोक नकोत म्हणून. म्हटलं, बाय किती जपते. मग तू तांदूळ घेऊन भर बाजारातून गेलीस ते आठवलं."

खोलीतला पंखा बंद होता, मी उगाच त्याच्याकडे बघत राहिले.

"भोपळ्या का लागतो माहीत आहे तुला?" एरॉल म्हणाला. "लोक आधी त्याच्याकडे बघतात. हसतात. मग माझ्याकडे मान वळेपर्यंत चेहऱ्यावर थोडं हसू उरलेलं असतं. मला तेवढं पुरतं. तू तर लोकच ठेवले नाहीस."

मी त्याच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, एरॉल, चुकलं माझं. भाषणात हे वाक्य नव्हतं. तो म्हणाला, "ठीक आहे." ठीक आहे म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

मागचं सगळं आज वाचून काढलं. मागचं दार, केळी, ऊन, वारा, सुटी वाळू. मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, आणि लिहिताना मला काही दिसलं नाही. मला कसली लाज वाटत नाही, असंही एके ठिकाणी लिहिलंय. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी

मधल्या सुट्टीत स्वप्ना मॅडमना गाठलं. स्टाफरूममध्ये कालचे तिळगूळ अजून फिरत होते. म्हटलं, "मॅडम, राजोडीला खुर्चीत होता तो माझा भाऊ. सख्खा. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला लाज वाटली त्याची."

म्हणताना माझे कान तापले होते. वाटलं, आता त्यांचा चेहरा उतरेल, त्या गप्प होतील, आणि ते मला भोगावं लागेल. तयारीनेच गेले होते.

त्या म्हणाल्या, "अहो, मग तर जास्तच कौतुक! सख्ख्या भावासाठी एवढं सगळं! हे तर भाषणात आलंच पाहिजे." आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. सत्कार नको म्हटलं. त्यांना तो माझा विनय वाटला. शेवटी मी म्हटलं, "मॅडम, नाव काढून टाका, नाहीतर मी त्या दिवशी येणारच नाही." तेव्हा त्या रागावल्या. कार्ड छापायला गेलीत म्हणाल्या. त्यांना राग आला तेव्हा कुठे मला थोडं हलकं वाटलं.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला गेले, मागच्या रांगेत उभी राहिले, परत आले. शाल आमच्या पी.टी.च्या सरांना मिळाली. एरॉलला सांगितलं. तो "हं" म्हणाला, आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. वरून दिसणारा नकाशा होता, चौकोन चौकोन, मध्ये सरळ रेघा.

"नायगावच्या बाजूची मिठागरं. हे बांध बघ. यावरून ट्रॅक्टर जातो, म्हणजे माती दाबलेली असणार. सगळं सपाट. मी फोन करून विचारलंय. मालक म्हणाला, या, कुत्रा आणा, फक्त मिठात सोडू नका."

मी विचारलं, "कधी?" यावेळी मी वेळ ठरवली नाही.

"पुढच्या रविवारी. संध्याकाळी चारला. आणि पुढच्या दाराने."

"आधी पोतं घालून तपासून येऊ का?"

"नको. रुतलो तर रुतलो."

रविवार, २ फेब्रुवारी

फळ्या पुढच्या पायरीवर टाकल्या. धडधड आवाज झाला. समोर टिफनी ओट्यावर वाल सोलत बसलेली. तिने मान वर केली आणि माझा हात खुर्चीच्या दांडीवरून आपोआप सुटला. मी तो परत ठेवला. एवढं सगळं कळूनसुद्धा सुटला, हे लिहून ठेवते. कळणं एक आणि हात एक.

"काय रे एरॉल, कुठे निघाली स्वारी?" टिफनीने विचारलं.

"फिरायला," एरॉल म्हणाला. तिने भोपळ्याला हाक मारली, किती जाडा झालास म्हणाली, एरॉलला म्हणाली केस काप. बस. मी दोन वर्षं ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

बांध त्याने ओळखला होता तसाच निघाला. रुंद, घट्ट, दोन्ही बाजूंना उथळ पाणी, लांबवर तुंगारेश्वरचे डोंगर. मी दांडीला हात लावला तर तो म्हणाला, "ढकलू नकोस, बाय. ही मला जमेल." पट्टा खुर्चीच्या हाताला अडकवून त्याने चाकं स्वतःच्या हातांनी फिरवायला सुरुवात केली. आतापर्यंत मी माझ्या पाठीला झेपेल अशी वाट शोधत होते. त्याला त्याच्या हातांना झेपेल अशी हवी होती, आणि ते मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. थोड्याच वेळात तो आणि भोपळ्या बरेच पुढे गेले. मी मागून चालत राहिले. मध्ये तो थांबला, दम घेतला, डोंगराकडे बघितलं, पुन्हा निघाला. मला हाक मारली नाही.

बांधाच्या टोकाला एक खोपटं होतं. तिथे मिठावर काम करणारा एक म्हातारा बसलेला. मी पोचले तेव्हा दोघांच्या गप्पा रंगलेल्या. कुत्र्याचं नाव विचारून झालं होतं, त्यावर हसून झालं होतं, खुर्ची कशी चालते तेही विचारून झालं होतं. म्हाताऱ्याने एरॉलला तांब्या दिला. "पानी घे. गोडं आहे, घरून आनलंय." मग माझ्याकडे बघितलं आणि त्याला विचारलं, "आनि ही कोन?"

एरॉल पाणी पीत होता. तो थांबला नाही, सावकाश प्यायला. मी बांधावर उभी. मला वाटलं, आता. म्हणू दे. 'शाळेच्या मॅडम आहेत, आम्हाला फिरायला आणतात', असं म्हणू दे. मी मान हलवायची, हो म्हणायचं, हे मी तेवढ्यात ठरवूनही टाकलं होतं. आपल्याला कोण म्हणून सांगितलं जाणार याची वाट बघत उभं राहणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

त्याने तोंड पुसलं. "माझी मोठी बहीण," तो म्हणाला. "ज्युली. हिच्यामुळे बाहेर पडलो मी."

टोमणा नव्हता. त्याचे टोमणे मला झोपेतही कळतात. त्याने सरळ सांगितलं, जसं आहे तसं, आणि भोपळ्याच्या तोंडाशी ओंजळ धरून त्याला पाणी पाजायला लागला.

"नशीबवान हाय तू," म्हातारा त्याला म्हणाला.

"हो," एरॉल म्हणाला.

त्याने सूड घेतला असता तर मी ताठ मानेने उभी राहिले असते. मला मान वर करता येईना. म्हाताऱ्याला वाटलं मी थकलेय. त्याने तांब्या माझ्या हातात दिला. मी तो वर करून तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. त्यात पाणी उरलं नव्हतं.